तिला किती पोळ्या लागायच्या

साडेचार वाजले की ऑफिसात माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. पलीकडून बायको म्हणायची, "किती?" मी म्हणायचो, "तीन." संपला फोन. ना हॅलो, ना कसे आहात, ना ठेवते. इथे ट्रॉयमध्ये, शिकागोपासून पाच तासांवर, गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं काढली, पण हा फोन काही चुकला नाही. शेजारच्या क्युबिकलमध्ये एक गोरा इंजिनिअर बसायचा. त्याने बरेच महिने कळ काढली आणि शेवटी विचारलंच, की ही काय भानगड आहे. मी सांगितलं, कणीक भिजवायच्या आधी ती मला किती पोळ्या हव्यात ते विचारते. तो म्हणाला, "आणि तू रोज तीनच सांगतोस?" हो म्हटलं. "मग ती रोज विचारते कशाला?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायचं. मीटिंग चालू असली की माझं डोकंच फिरायचं. एकदा मी खेकसलोसुद्धा, "अगं तीन! रोज तीन! लिहून लाव फ्रिजवर!" दुसऱ्या दिवशी साडेचारला फोन वाजला. "किती?"

मी रिटायर झालो आणि पुढच्याच वर्षी ती गेली. आजारपण जेमतेम दोन महिन्यांचं. साडेचारला मी अजूनही घड्याळाकडे बघतो. वेडेपणा आहे, कळतं मला. मला फार एकटं वाटतं. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक लगेच मंडळाच्या कार्यक्रमाला चला म्हणतात, आणि तिथे बायकोबरोबर आलेल्या माणसांत बसून बटाटेवडा खाण्यापेक्षा मला घरात बसणं परवडतं.

पहिले तीन-चार महिने मी टॉर्टियावर, म्हणजे इथल्या तयार मैद्याच्या पोळ्यांवर, काढले. दुकानातनं पाकीट आणायचं, गॅसवर शेकवायचं, लोणच्याशी खायचं. लेक शिकागोला असते, ती फोनवर विचारायची, "बाबा, डिड यू ईट?" मी म्हणायचो, हो तर, पोळी-भाजी. एक दिवस तो टॉर्टिया तोंडात फिरायला लागला, घशाखाली उतरेना. ताट तसंच सिंकमध्ये ठेवलं आणि ठरवलं, बास. पोळी शिकायची.

आमच्या घरातलं जेवण म्हणजे काही पक्वान्नं नव्हेत. पोळी, एखादी भाजी, वरण-भात. रविवारी भाकरी-पिठलं. सुरुवातीला माझा एकट्याचा पगार, व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती, तेव्हा बटाट्यांची मोठी गोणी, कोबी आणि मुगाची डाळ यांवर तिने महिने काढले आणि एकदाही जेवण कंटाळवाणं लागू दिलं नाही. त्या वेळी जवळपास आपलं दुकान नव्हतं. इथल्या गव्हाच्या पिठाची पोळी व्हायची ती पापडासारखी कडक. ती ते पीठ दोनदा चाळायची, त्यात थोडा मैदा घालायची, कोमट पाण्यात भिजवून वर ओलं फडकं टाकायची. पुढे वीस पौंडांची कणकेची पिशवी पाच मिनिटांवर मिळायला लागली. पण तिचं माप बदललं नाही. पोचा आलेली स्टीलची एक वाटी होती. त्या वाटीने तीन वाट्या. शिळी पोळी उरलेली तिला खपायची नाही, म्हणून सगळ्यांना विचारून अगदी मोजून भिजवायची.

ती वाटी अजून कणकेच्या डब्यातच होती. पहिल्या दिवशी मी कणीक इतकी सैल भिजवली की हात सोडवेना. दुसऱ्या दिवशी घट्ट झाली. तवा इतका तापवला की धूर झाला, वरचा स्मोक अलार्म केकाटायला लागला, आणि मी टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचत होतो. ती असती तर पोट धरून हसली असती. हसायला कुणी नव्हतं, म्हणून मग मला त्याचं हसूही आलं नाही. पण दोन-अडीच महिन्यांत हात बसला. तेल लावून घडी घालायची, कडा आधी लाटायच्या, मधे जोर द्यायचा नाही. एके दिवशी तव्यावर पोळी टम्म फुगली आणि तिला पदर सुटले. मी ती ताटलीत घेऊन उगाच हॉलमध्ये गेलो. दाखवणार कुणाला? परत आलो आणि उभ्याउभ्याच खाल्ली.

तिला जाऊन वर्ष व्हायला आलं तेव्हा लेकीने विचारलं, काही करायचं का. होम, भटजी हे आम्हा नवरा-बायकोला कधी जमलं नव्हतं. मी म्हटलं, तू ये, मी स्वयंपाक करतो. तिचं रोजचं जेवण. तिच्या जागेवर तिचं ताट वाढायचं, मग आपण जेवायचं. लेक म्हणाली, "दॅट्स परफेक्ट, बाबा." शुक्रवारी पाच तास ड्राइव्ह करून आली. येताना तिकडच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या आपल्या दुकानातून तिच्या आईला आवडणारी कैरी घेऊन आली. शनिवारी दुपारी मी वाटी हातात घेतली आणि तिच्या सवयीने म्हणालो, "किती?"

"मला दोन," ती म्हणाली. माझ्या तीन. मग ती म्हणाली, "अँड आई? हाऊ मेनी डिड आई ईट?"

मी वाटी ओट्यावर ठेवली. मला ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षांचा संसार, आणि माझ्या बायकोला किती पोळ्या लागायच्या ते मला सांगता येईना. लेकीला विचारलं, तिलाही आठवेना. कसं आठवणार? ती आम्हाला गरम गरम वाढायची आणि आमचं झाल्यावर बसायची. तोवर लेक होमवर्कला आणि मी टीव्हीसमोर. "आईला राइस आवडायचा ना?" लेक म्हणाली. ते मात्र मलाही आठवत होतं. "मला आज भातच बरा वाटतोय," असं ती कितीदा म्हणायची. मी तिला भातखाऊ म्हणून चिडवायचो. तीही हसायची.

पण ताट वाढायचं तर अंदाजाने वाढणं मला पटेना. एका दिवसाचं तरी ताट तिच्या मनासारखं व्हायला हवं होतं. सांगलीला मेहुणीला फोन लावला. तिकडे बरीच रात्र झाली होती, पण ती जागी होती. मी विचारलं. ती म्हणाली, "भाऊजी, लग्नाआधीचं सांगते. अक्काला चार लागायच्या. आई ओरडायची तिला, मुलीच्या जातीने किती खावं म्हणून. नंतरचं मला काय ठाऊक? ते तुम्हीच सांगायचं."

"आणि भात?" मी विचारलं.

"भात? अहो, तिला भात कुठे आवडायचा!"

मी फोन ठेवला. तोंडात मारल्यासारखं झालं. लेक शेजारीच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी ओट्याला टेकलो आणि हिशेब मांडायला लागलो, इंजिनिअर ना, दुसरं काय येतं मला. तीन वाट्यांत आठ पोळ्या होतात, इतकं आता माझ्या हाताला कळतं. लेक शाळेत होती तेव्हा मला तीन, तिला दोन, माझ्या दुसऱ्या दिवशीच्या डब्याला दोन. झाल्या सात. उरली एक.

आणि मग मला ते आठवलं. तीन खाऊन झाल्या की ताटात थोडी भाजी उरायची, आणि मी म्हणायचो, "अजून एक आहे का गं?" रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार दिवस तरी. ती म्हणायची, "आहे ना." आणि आणून वाढायची. कधी नाही म्हणाली नाही. ती कुठून येते, हे मी कधी विचारलं नाही. त्यानंतर आतून आवाज यायचा, मला आज भातच बरा वाटतोय.

"तिने एक जास्त का नाही केली?" लेक म्हणाली. करतही असेल कधी. मला ठाऊक नाही, मी स्वयंपाकघरात कधी बघायला गेलोच नाही. पण ती रोज फोन का करायची ते मला त्या दुपारी कळलं. मी एखाद्या दिवशी चार म्हणेन, म्हणजे तिची तिला उरेल, म्हणून. मी मूर्खासारखा रोज तीन सांगत राहिलो.

भात लावलाच नाही. साडेतीन वाट्या कणीक भिजवली. नऊ पोळ्या झाल्या. बटाट्याची भाजी, वरण, कैरीची फोड. टेबलाच्या ज्या टोकाला ती बसायची तिथे तिचं ताट मांडलं आणि चार पोळ्या एकावर एक ठेवल्या. मग आम्ही दोघं जेवायला बसलो. बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन चालू होतं. माझ्या तीन झाल्या. ताटात दोन घास भाजी होती. आणि मी म्हणालो, "अजून एक आहे का गं?"

तोंडातून गेलंच. शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं.

लेक माझ्याशी मराठी फार कमी बोलते. तिने वर बघितलंही नाही. "आहे ना," म्हणाली, अगदी आईच्या सुरात, आणि स्वतःच्या ताटातली पोळी उचलून माझ्या ताटात ठेवली.

मी तिचा हात धरला. "तुझ्या किती झाल्या?"

मी पुन्हा विचारलं.

"एक," ती म्हणाली.

मी ती पोळी उचलली आणि परत तिच्या ताटात ठेवली.