विहीणबाईंचा स्वेटर डोक्यातून उतरेना

तर सगळ्यात आधी घरात शिरल्या त्या करमाडच्या आमच्या विहीणबाई, मागून पिशवी धरून व्याही. बसायच्या आधीच विहीणबाईंनी नातीसाठी विणलेला गुलाबी स्वेटर बाहेर काढला.

बायांनो, बारशाला मी विणलेला स्वेटर याच बाईनं चार जणींत वर धरून म्हणलं होतं, "हा पोरीचा हाय का तिच्या आजोबांचा?" लई हसल्या सगळ्या. मी वाढत्या अंगाचा विणला होता, तवा घडी घालून कपाटात ठेवून दिला.

आज म्हणलं, "घाला की तुमच्याच हातानं."

गळा डोक्यातून उतरेना. नात अशी किंचाळली की शेजारीण धावत आली!

"मोबाईलमधल्या बाईनं सांगितले तेवढेच टाके घातले हो मी," विहीणबाई म्हणाल्या.

"तिचा हात सैल, तुमचा घट्ट. आधी चार बोटं रुंद तुकडा विणून, त्यात किती टाके बसतात ते मोजून बघितलं व्हतं का?"

"नाय."

मग मी कपाटातून बारशाचा स्वेटर काढला आन् त्यांच्यासमोरच नातीला घातला. अगदी बेताचा बसला! शेजारणीला मुद्दाम विचारलं, "कुणाचा हाय गं हा, पोरीचा का आजोबांचा?" विहीणबाई आपला गुलाबी स्वेटर पिशवीत कोंबायला लागल्या. काळीज गार झालं माझं.

जाताना हळूच म्हणाल्या, "तेवढं टाके मोजायचं शिकवा की."

म्हणलं, "शिकवीन. पण त्या चार जणींना संगं आणा, त्यांच्यासमोर शिकवीन."

जास्त झालं का गं माझं? तुम्हीच सांगा. त्या मात्र कबूल झाल्यात, येत्या रविवारी येणार हायेत.