टाळ्या शेवटीच वाजवा

ओरेथा प्रिंगल ही काळी पोरगी कैक वर्षं एका गोऱ्यांच्या विद्यापीठात नदीच्या गाळावर संशोधन करत होती. ग्रंथालयाच्या दारावरचा रखवालदार गोऱ्या पोरांना मान हलवून आत सोडायचा, हिचं ओळखपत्र मात्र रोज उलटंपालटं करून बघायचा. वर्गात गुलामगिरीचा विषय निघाला की सगळ्या माना हिच्याकडे वळायच्या. "किती स्वच्छ बोलतेस गं!" असं वर कौतुक. अहो, जन्मल्यापासून इंग्रजीच बोलतेय ती, दुसरं काय बोलणार! आधी आधी ती खोलीवर येऊन रडायची. पुढे रडूही येईना. राग कुठे गेला कोण जाणे.

पदवीदानाच्या आधी तिनं साउथ कॅरोलिनाला आईला फोन लावला.

"मम्मा, माझं नाव पुकारलं की ओरडायचं नाही. टाळ्या शेवटीच वाजवायच्या, असा नियम आहे इथं."

"मग नाव पुकारतात तरी कशाला?"

"मम्मा!"

"अगं, आपल्याकडे मयतालासुद्धा कुणी गप्प बसत नाही!"

"गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका पोराची आजी ओरडली. सगळ्यांदेखत दंडाला धरून बाहेर काढली तिला. तुझं तसं झालेलं मला बघायचं नाही."

 चर्चमध्ये मम्माची आरोळी ऐकून पाद्रीबाबाला चेव यायचा, अशी ही बाई. शेवटी म्हणाली, "तू म्हणशील तसं."

रूफसमामानं गाडी हाकत मम्माला आणलं. तिच्या डोक्यावर चर्चला जातानाची पिवळी टोपी. ओरेथाचं नाव पुकारलं गेलं. ओरेथा मंचावरून चालत गेली, तेव्हा तिला फक्त आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येत होता. खाली मम्मानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

पुढचं नाव एका गोऱ्या पोराचं. त्याच्या घरच्यांनी खुर्च्यांवर चढून आरोळ्या ठोकल्या, भोंगा वाजवला. रखवालदार हसले. कुलगुरूही हसले. ओरेथाला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, मेलं, पण नाहीच वाटलं.

बाहेर गाडीपाशी रूफसमामा केकचा डबा उघडत होता. मम्मानं लेकीचा झगा सारखा केला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पोरी, आता ओरडू?"

पलीकडच्या गाडीजवळ एक गोरं कुटुंब फोटो काढत उभं होतं. ओरेथानं त्यांच्याकडे पाहिलं.

"घरी गेल्यावर, मम्मा."