ओळंबेमास्तरांची दोरी

बायकोने त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते भर रस्त्यात गुडघ्यांवर बसले होते. तोंडात शंभरेक टाचण्या होत्या आणि नाव विचारण्याआधी त्यांनी तिच्या कोटाची कड सरळ करून टाकली. रहदारी खोळंबली, पण लग्न जमलं. या शिंप्याला अख्खी गल्ली ओळंबेमास्तर म्हणायची.

घरातली कपडे वाळत घालायची दोरी मध्ये लोंबते, हे मास्तरांना सहन होईना. बायको जिथे बसून भाजी निवडायची, त्याच एकुलत्या खिडकीच्या चौकटीत त्यांनी दोरी ताणायचा स्क्रू बसवला. आधीचा वीतभर झोल चुटकीसरशी गेला. शेवटच्या बोटभर झोलाने मात्र घाम काढला. बायकोला नवल वाटलं. थोडंच उरलं असताना जोर जास्त का लागावा? तिने विजेच्या तारा ओढणाऱ्या भावाला विचारलं.

"ताई, दोरीचं वजन खाली ओढतं आणि दाजी ओढतात आडवं. थोडा झोल असतो, म्हणूनच दोरी ते वजन पेलते. झोल निम्मा करायचा, तर ताण दुप्पट लागतो."

"आणि झोल मुळीच नको असेल तर?"

"मग ताणाला अंतच नाही."

"अहो, ऐकलंत का? माझी खिडकी जाईल!"

"त्याच्या तारा बघ, सगळ्या लोंबतात. आळशी कुठला!" असं म्हणून मास्तरांनी स्क्रू आणखी फिरवला.

चौकट भिंतीतून उखडून आली. तोवर अर्ध्या बोटाचा झोल शिल्लकच होता. आता खिडकीला पुठ्ठा लावलाय आणि कपडे खुर्च्यांवर वाळतात.