जंताची वाट

मुलीला खोकल्याची उबळ आली, मग उलटी झाली आणि त्या उलटीत एक जंत पडला. वीतभर लांब, फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळता. आणि जिवंत. मी ओरडले नाही, मला ओरडता येतच नाही. तोंडावर पदर दाबून नुसती बघत राहिले.

कामतघरला आमची खोली कापडाच्या लूमच्या भिंतीला लागून. सुताची धूळ सगळ्यांच्याच छातीत, खोकणाऱ्याचं कुणाला नवल नव्हतं. पण मुलगी पाच वर्षांची, लूममध्ये कधी गेलेली नव्हती, आणि तिचा खोकला जाऊन जाऊन परत यायचा. सासूबाईंचे दीर टीबीनं गेले होते. म्हणून सासूबाईंनी मुलीची थाळी वेगळी केली, तिला दाराजवळ बसून जेवायला लावलं. पाळण्यातल्या धाकटीला लागू नये म्हणून. नवऱ्यानं नव्या मोबाईलवरून माझ्या भावाला फोन लावला, "रविवारी ये आणि हिला गावाला घेऊन जा."

जंत लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला आणि मुलीला घेऊन दवाखान्यात निघाले. शेजारीण जिन्यात भेटली. "भाभी, अचार किसके लिए?" मी बरणी पदराखाली घेतली.

डॉक्टरीणबाईंनी बरणी उजेडात धरली. "मादी आहे. शेपटी सरळ आहे ना? नर लहान असतो, त्याची शेपटी आकड्यासारखी वळलेली." मग म्हणाल्या, "हिला हाड नाही, दात नाही. तोंडाला तीन ओठ, सरळ एक आतडं, आणि बाकी सगळी अंडीच. दिवसाला लाखाच्या वर घालते."

माझ्या पोरीच्या पोटात कुणाचा तरी संसार चालला होता.

"अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, ताई. शौचातून मातीत जातात, काही आठवडे तिथं पिकतात, मग हाताला लागून नाहीतर कच्च्या भाजीतून पोटात."

चाळीमागे गटाराच्या कडेला मी कोथिंबीर लावली होती. पोरं तिथंच शौचाला बसायची. मुलगी ती कोथिंबीर अशीच खुडून खायची.

मी एकच शब्द विचारला, "खोकला?"

"पोटात अंडं फुटलं की बारीक अळी रक्तातून फुप्फुसात जाते. तिथं जरा वाढते, श्वासनळीनं घशापर्यंत चढते आणि मूल तिला गिळतं. परत पोटात. तिथं तिचा एवढा जंत होतो. म्हणून खोकला येतो नि जातो. तरी छातीचा फोटो काढू."

फोटो बघून त्या म्हणाल्या, टीबी नाही. जंताची गोळी दिली.

घरी हे सांगायचं कसं? नर, मादी, अंडी असले शब्द मी सासू-नवऱ्यासमोर कधी काढले नव्हते. पण रविवार जवळ आला होता. भिंतीकडे बघत सगळं बोलून टाकलं. नवरा ताटावरचा हात थांबवून बघायला लागला. मी एवढं बोलले म्हणून की जंताचं ऐकून, ठाऊक नाही.

सासूबाई म्हणाल्या, "पोटातला किडा छातीत कसा चढंल? जिना हाय काय तिथं?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"त्यांना काय जातंय म्हनाया! पोरगी रविवारी जानार."

रविवारी सकाळी मुलीला शौचाला बसवलं आणि जंत पडायला लागले. एकात एक गुंतलेले, दोऱ्याच्या गुंत्यासारखे. मी मागे सरले. सासूबाईंनीच काडी घेतली, एकेक बाजूला केला. मग काडी एकावर टेकवली.

"ह्याची शेपटी वळलीय. ह्यो नर काय गं?"

"हो."

"आई गं!" त्यांनी काडी टाकून दिली.

दुपारी भाऊ आला. तोवर मी कोथिंबीर मुळासकट उपटून टाकली होती. जेवायला बसलो तेव्हा मुलगी सवयीनं दाराजवळ जाऊन बसली आणि तिथं आपली थाळी शोधायला लागली. थाळी आमच्या ताटांच्या ओळीत होती, राखेनं लखलखीत घासलेली.

"तिकडं काय बघतीस?" सासूबाई म्हणाल्या. "हात धू आन् माझ्याजवळ बस. चांगले धू. मामा एकटाच जानार हाय."