दुसरी मंगळी

नवसी माझ्या बोईसरच्या क्लासला आली तेव्हा तिला कोणाशी बोलायची सवयच नव्हती. सालवडला भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. सहा दिवस एका छोट्या कंपनीत हजेरीचे प्रोग्राम दुरुस्त करायची आणि रविवारी माझ्याकडे पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायची. क्लास सुटला की बाकीची पोरं वडापावच्या गाडीवर पळायची, ही मात्र बाक पुसत रेंगाळायची. "जा की घरी," म्हटलं तर म्हणायची, "घरी कोण हाय, सर?" मग मी उगाच चिडल्यासारखं करून पंखा बंद करायचो.

तिचं खरं घर मासवणकडच्या एका पाड्यावर. बाप महादू कधीच गेलेला, मागे आई मंगळी. मंगळवारी जन्मली म्हणून मंगळी. तिकडे वारावरून नाव ठेवायची रीतच आहे. लग्नानंतर दहा वर्षं पोर नव्हतं, नवस बोलून झाली ती नवसी. ही एकुलती एक पोर नोकरीला बाहेर पडली आणि दोघी दोन ठिकाणी एकट्या पडल्या.

आईचा डावा डोळा काचबिंदूने गेला होता. मग उजवाही अंधुक व्हायला लागला. पालघरच्या एका ट्रस्टच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, शिबिरात ऑपरेशन करून घ्या, आहे तेवढी नजर टिकेल. उशीर केलात तर गेलेली नजर परत येत नाही. पाड्यापाड्यांवरून आलेल्या अर्जांची ट्रस्टला एक यादी हवी होती. नवसीने ते काम आपणहून मागून घेतलं.

तेव्हा आम्ही पायथनमधले माहिती साठवायचे तयार प्रकार शिकत होतो. लिस्टमध्ये एखादी गोष्ट जितक्यांदा टाकाल तितक्यांदा राहते. डिक्शनरीत प्रत्येक गोष्टीला किल्ली लागते. आणि सेट म्हणजे फार शिस्तीचा गडी, एक गोष्ट एकदाच ठेवतो. तीच पुन्हा आली तर गुपचूप टाकून देतो, तुम्हाला सांगतसुद्धा नाही. हे मी मोठ्या ऐटीत शिकवायचो. अर्ज तीन जणांनी भरून आणले होते, काही दोनदा आलेले असणार. म्हणून नवसीने अर्जाचा क्रमांक बाजूला टाकला आणि नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव, पाडा, जन्मतारीख एवढं घेऊन सगळं सेटमध्ये घातलं. बासष्टाचे एकसष्ट झाले.

"सर, एक डबल होता. सेटने काढला."

"शाब्बास!" मी म्हणालो. कोणता काढला, हे मी विचारलं नाही. मास्तर म्हणवतो स्वतःला, आणि एवढंही सुचू नये, याचा राग मला अजून येतो.

शिबिराच्या आठवड्यात तिला सुट्टी मिळाली नाही. तिने पाड्यावरच्या दुकानदाराच्या फोनवर आईला बोलावून घेतलं. "झालं गं," आई म्हणाली. "दिसतं सगळं." पुढे दर रविवारी क्लासच्या ओट्यावरून फोन आणि दर रविवारी तेच उत्तर, "दिसतं. तू जेवलीस का?" फोन ठेवून नवसी माझ्याकडे बघून हसायची. तिला हसताना मी पाहिलं ते त्याच तीन-चार महिन्यांत.

होळीला ती न कळवता घरी गेली. आईने ओळखावं म्हणून दारात गप्प उभी राहिली. आई समोरच वाल सोलत बसली होती. तिने मान वर केली, नजर नवसीवरून फिरली आणि पुन्हा सुपाकडे वळली. तेवढ्यात मागून शेजारीण आली. "अगं मंगळी, पोर उभी हाय ना दारात तुझी!"

या शेजारणीचंही नाव मंगळी. डोळ्यांसाठी अर्ज तिनेही भरला होता. तिचा नवराही महादू. आडनाव सगळ्या पाड्याचं एकच. आधार कार्डावर दोघींची जन्मतारीख एक जानेवारी, सालही तेच, कारण जन्म कोणी लिहून ठेवलाच नव्हता. आधारच्या रांगेत मागेपुढे उभ्या होत्या म्हणून दोघींना एकच तारीख मिळाली. पाड्यावर त्यामुळे कधी कोणाचं अडलं नाही. आई वडाखालची मंगळी, शेजारीण विहिरीजवळची. नवसीला हे लहानपणापासून ठाऊक होतं.

शिबिराच्या सकाळी ट्रस्टच्या गाडीवाल्याने यादी वाचली, तेव्हा मंगळी म्हणताच दोघी उठल्या. यादीत ते नाव एकदाच होतं आणि यादीबाहेरच्या कोणाला नेता येत नव्हतं.

"मंग मी परत खाली बसले," आईने आता सांगितलं. "तिला नातवंडं सांभाळायची होती. माझ्या घरात कोण हाय?"

"मला का नाय सांगितलं?"

"यादी तुझ्या हातची. मी बोलले असते तं तुझं नाव खराब झालं असतं. दुसरी गाडी येल, म्हटलं."

दुसऱ्याच दिवशी नवसी तिला पालघरला घेऊन गेली. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि आता उपयोग नाही म्हणाले. सालवडला चल म्हणून नवसीने परोपरीने विनवलं. पण आई म्हणाली, "तिथं मला कोण ओळखतं? इथं मंगळी हाय." नवसी एकटीच परत आली.

मी तिला सांगायला गेलो की चूक माझी, मी नीट शिकवायला हवं होतं. ती म्हणाली, "सर, तुमाला दोन मंगळ्या माहीत नव्हत्या. मला होत्या." मला फार वाईट वाटलं, आणि तिच्याजवळ बसून राहण्यापलीकडे काही करता आलं नाही.

हल्ली ती रविवारी व्हिडिओ कॉल लावते. तिकडे फोन विहिरीजवळची मंगळी धरते, कारण तिला दिसतं. गेल्या रविवारी मी मागेच बाक सरळ करत होतो. नवसीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज तिने अगदी रोजचा ठेवला होता. "बरी हाय मी, आई. जेवले."

"कशी दिसते गं माझी पोर?" आईने शेजारणीला विचारलं.

पलीकडची मंगळी स्क्रीनकडे बघत राहिली.

"सांग ना गं."

"हासते हाय," ती म्हणाली. "पोर हासते हाय तुझी."