शेवटची फेरी

आईला आयुष्यात एकदा डोंग्यात, म्हणजे नावेत, बसायचं होतं. आमच्या धाड गावच्या आठवडी बाजारात भाजी विकण्यात तिचा जन्म गेला, मागणं एवढंच. मी तिला तलावांच्या एका शहरात घेऊन गेलो.

निघण्यापूर्वी पर्यटकांना कसं लुबाडतात याचे व्हिडिओ बघून मी पार पंडित झालो होतो. तिकीट फक्त खिडकीवर घ्यायचं, कोणी गोड बोललं की पुढे चालू पडायचं.

संध्याकाळी नावेच्या तिकिटासाठी भली मोठी रांग होती. एक माणूस बायकोसोबत दोन तिकिटं घेऊन आला. बायकोला चक्कर आली म्हणून आम्ही जात नाही, छापील भावात घ्या, ही शेवटची फेरी आहे, म्हणाला.

'शेवटची' ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. धाडच्या स्टँडवर जीपवाले रोज 'लास्ट गाडी' ओरडतात, आणि मागे आणखी दोन उभ्याच असतात. आई दरवेळी धावत जाऊन बसते आणि जीप भरेपर्यंत उकडत राहते. मी तिला हसायचो.

"काऊन रे, घे ना," आई म्हणाली. "बाई खरंच बिमार दिसते."

"तुले नाही समजत. तू जाऊन पायरीवर बस."

ती गेली. मी त्या माणसाला चारचौघांत चोर म्हटलं. तो मागच्या जोडप्याला तिकिटं देऊन, बायकोला धरून निघून गेला. ते जोडपं नावेत बसलं, नाव सुटली आणि खिडकी बंद झाली. पहाटे आमची परतीची गाडी होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तेवढ्यावर भागलं नाही. पायरीवर जाऊन मी आईला सांगितलं, "नकली तिकिटं होती. वाचलो आपण." याची मला आजही लाज वाटते.

आता तिचे गुडघे गेलेत, प्रवास संपला. परवा बाजारात शेजारच्या भाजीवालीला ती सांगत होती, "माह्या पोरानं मले फसू देलं नाही."

"मंग डोंग्यात बसली का नाही?"

"नाही बाई, ते राहूनच गेलं. पण पोरगा लय हुशार हाय."

मी तिथेच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.