निळ्या काठाच्या पिशवीतला ॲडॉप्टर

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना माझ्या मागे खुंटीला टांगलेली पिवळी पिशवी तुम्हाला दिसली आणि तुम्ही विचारलंत, "आजी, त्यात आजोबांचं ड्रिल मशीन आहे का?" तुमचे बाबा मध्येच म्हणाले, "त्या पिशवीपायी तुमची आजी गाडी विकत नाहीये." तेवढ्यात तुमच्या पोहण्याच्या क्लासची वेळ झाली आणि बोलणं तिथेच राहिलं. त्याच आठवड्यात भोकरहून एक गृहस्थ आमची जुनी विजेची गाडी बघायला नांदेडला आले होते. त्यांना गाडी पसंत पडली, आणि मी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. आता तुमच्या घरात माझी गणना हट्टी माणसांत होत असणार. तुम्ही फक्त बाबांची बाजू ऐकली आहे. माझी बाजू लिहून पाठवते. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवल्यामुळे मुद्दा क्रमाने मांडायची मला सवय आहे, तेवढी सहन करा.

आधी गाडी. आजोबांनी ती सेकंडहँड घेतली. ज्या कंपनीची ती आहे, त्या कंपनीने थोड्याच गाड्या आणल्या आणि गाशा गुंडाळला. मला तोवर गाडी चालवता येत नव्हती. क्लच आणि गिअर यांच्यात माझे हातपाय अडकायचे. या गाडीला दोन्ही नाहीत. साठी उलटल्यावर मी स्टेडियमच्या मागच्या मोकळ्या जागेत आठवडाभर गोल गोल फिरले आणि चालवायला शिकले. आजोबा शेजारी बसून सूचना द्यायचे. ते अजूनही देतात.

आता गाडीचं तोंड. तुमच्याकडे जुना फोन असेल तर त्याचा चार्जर नव्या फोनला लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. गाड्यांचंही तेच आहे. रस्त्यावरच्या मशीनची जी जाड केबल गाडीत खुपसतात, तिला गन म्हणतात. आपल्याकडे आता जवळजवळ सगळीकडे सीसीएस-टू नावाची गन असते. वर गोल आणि खाली दोन जाड भोकं, तोंड उघडून बघत बसलेल्या माणसासारखी. आमच्या गाडीचं तोंड आधीच्या पद्धतीचं, जीबी-टी. एकच मोठा गोल. सुरुवातीला रस्त्यावर दोन्ही गन मिळायच्या. मग जुन्या गाड्या कमी झाल्या तशा जुन्या गनही गेल्या. एके दिवशी आम्ही नेहमीच्या जागी पोचलो, तर जुन्या मशीनच्या चौथऱ्यावर मनीप्लँटची कुंडी ठेवलेली होती.

त्या दिवशी आम्हाला ट्रॅक्टरने ओढून आणलं. आजोबांनी हौसेने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. ती त्यांची चूक. तुमच्या बाबांनी तिकडे परदेशातून ताबडतोब फोन केला. "आई, या वयात ट्रॅक्टरच्या मागे? मी ॲडॉप्टर पाठवतो. पण हे शेवटचं. पुन्हा एकदा जरी अडकलात, तर गाडी विकायची आणि लातूरला जायचं तर ड्रायव्हर करून जायचं. कबूल?"

मी कबूल म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण ते माझ्या घशाखाली उतरलं नाही. लातूरला माझी धाकटी बहीण एकटी राहते. तिचे गुडघे तिला जिना उतरू देत नाहीत, आणि डोळे आता बारीक अक्षर वाचू देत नाहीत. दर महिन्याला मी जाते, दोन दिवस राहते आणि तिला पुस्तक वाचून दाखवते. अर्धं झालं की खूण घालून ठेवायची, पुढच्या महिन्यात तिथून पुढे. ड्रायव्हर केला तर त्याची सोय, त्याची सुट्टी, त्याचं जेवण. मग दर महिन्याचं दोन महिन्यांवर जातं, आणि मग सणावारी. मी हे इतरांच्या घरी पाहिलं आहे. मनात आलं की किल्ली उचलून निघायचं, हेच मला हवं होतं.

ॲडॉप्टर आला. वजनाला वरवंट्यासारखा. एका बाजूला नवी गन बसते, दुसरी बाजू आमच्या गाडीत. पण नुसती तोंडं जुळवून भागत नाही. वीज सोडण्याआधी मशीन आणि गाडी एकमेकांशी बोलतात, किती देऊ, किती घेशील, आणि या दोघांच्या भाषा वेगळ्या. ॲडॉप्टर मध्ये बसून दुभाष्याचं काम करतो. त्यासाठी त्याच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते आणि ती मोबाईलच्या चार्जरने भरावी लागते. आजोबा म्हणाले, "म्हणजे चार्ज करणाऱ्यालाच आधी चार्ज करायचं. छान."

मी जुन्या पिवळ्या पडद्याच्या दोन मजबूत पिशव्या शिवल्या. खाण्याच्या पिशवीला लाल काठ, ॲडॉप्टरच्या पिशवीला निळा काठ. यापेक्षा स्पष्ट मला काही करता आलं नसतं.

संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही लातूरला निघालो. गाडी मी चालवत होते. अहमदपूरजवळ चार्ज करायचा बेत होता, पण तिथलं मशीन बंद होतं. हरकत नव्हती, चाकूरच्या पुढे एका ढाब्यावर दुसरं होतं. चाकूरला तुमच्या आत्याचं सासर आहे. आत्या पुण्यात असली तरी तिच्या सासूबाईंना, म्हणजे माझ्या विहीणबाईंना, भेटल्याशिवाय पुढे जायची सोय नाही. त्यांचं मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, भुसार मालाचं दुकान आणि वर घर. संक्रांतीचं वाण म्हणून मी तिळाचे लाडू आणि एक पितळी निरांजन नेलं होतं. हळदी-कुंकू झालं. आजोबा खाली जाऊन डिकीतून पिशवी घेऊन आले.

विहीणबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्यांचे खांदेच खाली गेले. "आगं माय! येवढं जड काय आणलंव हो?"

"घरचंच आहे," मी आतून, पाणी पिता पिता म्हणाले. मी तेव्हा पाहिलं नाही. त्यांच्याकडे रीत अशी की आलेलं वाण देणाऱ्यासमोर उघडायचं नाही. पिशवी तशीच देवापुढे ठेवायची, वर हळद-कुंकू वाहायचं, आणि पाहुणे गेल्यावर संध्याकाळी दिवा लावून उघडायची. त्यांनी तसंच केलं. आम्ही निघालो.

ढाब्यावर पोचलो तेव्हा बॅटरीचा काटा लाल झाला होता. मशीन चालू होतं, गन मोकळी होती. आजोबांनी डिकी उघडली आणि बराच वेळ आतच बघत राहिले.

"अगं, यात लाडू आहेत."

"लाडवांच्या पिशवीत लाडूच असणार."

"मग दुसरी पिशवी कुठाय?"

"अहो, चाकूरला वर कोणती नेलीत?"

आजोबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "दोन्ही सारख्याच दिसतात."

"एकीला लाल काठ आहे, एकीला निळा."

"अंधारात काय कळतं?"

"भर दुपारी?"

ढाब्याचे मालक बाजूला उभे राहून मजा बघत होते. चांगला हसरा माणूस. "आजी, गन हाय, लाईट हाय, गाडीबी हाय. घोडं कुठं अडलं?" मी त्यांना सांगितलं. त्यांनी साध्या सॉकेटवर गाडी लावायची तयारी दाखवली, पण तो सॉकेट डीप फ्रीजरचा होता. त्यावर गाडी भरायला रात्र गेली असती आणि तोवर त्यांचं दही गेलं असतं. मागे चाकूरला जाण्याइतकी वीज गाडीत नव्हती, पुढे लातूरला जाण्याइतकीही नव्हती.

म्हणजे आम्ही अडकलो होतो. आणि अडकलो म्हणजे कबूल केल्याप्रमाणे गाडी गेली.

"फोन कर विहीणबाईंना," आजोबा म्हणाले.

"काय सांगू? संक्रांतीचं दिलेलं वाण परत द्या?"

"हो."

"तुम्ही सांगा."

"बायकांच्या वाणात मी कसा बोलू?"

तुम्ही परदेशात वाढलात, तुम्हाला यात एवढं काय असं वाटेल. पण मुलीच्या सासरी दिलेलं वाण, तेही देवापुढे ठेवलेलं, त्याच दुपारी परत मागणं, हे मला कॉलेजच्या भरल्या हॉलमध्ये भाषण विसरण्यापेक्षा कठीण वाटत होतं. मी दोन कप चहा प्याले. मग फोन लावला.

"विहीणबाई, ती पिशवी अजून उघडली नाहीत ना?"

"न्हाई वो. दिवा लावल्याबिगर कशी उघडू? का, काय झालं?"

"त्यात… त्यात वाण नाही. त्यात आमच्या गाडीचा ॲडॉप्टर आहे."

त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "आगं माय! मी मिक्सर समजून राहिले व्हते! मिक्सरला कुंकू लावलं मी!"

मी खाली मान घालून उभी होते, जणू त्यांना दिसत होतं. मी म्हणाले, "आमची गाडी इथे बंद पडायला आली आहे. मुलाला कळलं तर तो गाडी विकायला लावेल. पण दिलेलं वाण परत कसं मागू, तेच कळत नाही."

"मागू नकाच," त्या म्हणाल्या. "तिथंच थांबा."

थोड्या वेळाने दुकानाचा टेम्पो ढाब्यावर येऊन थांबला. पुढे व्याही, शेजारी विहीणबाई, मांडीवर पिवळी पिशवी. त्या उतरल्या त्या थेट मशीनपाशी. मला पूर्वेला तोंड करून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. सोबत आणलेल्या करंड्यातून हळद-कुंकू लावलं, पदरात तुरीच्या शेंगा आणि नारळ घातला आणि वर ती पिशवी ठेवली.

"हे घ्या. हे माझ्याकडचं वाण. तुमचं मला मिळालं, माझं तुम्हाला. आता परत मागायचा सवालच न्हाई."

मी लाल काठाची पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उचलून बघितली. "ही हलकी हाय," त्या म्हणाल्या, आणि सगळा ढाबा हसला.

ॲडॉप्टरच्या एका तोंडाचं झाकण आधीच हरवलं होतं, त्यामुळे आत हळद गेली होती. आजोबा फुंकर मारू लागले तर विहीणबाईंनी त्यांना बाजूला केलं, वातींचा कोरडा कापूस काडीला गुंडाळला आणि एकेक भोक पुसून काढलं. ॲडॉप्टरची आतली बॅटरीही उतरली होती. ढाब्याच्या मालकांनी गल्ल्याशेजारी चार्जिंगला लावलेला स्वतःचा मोबाईल काढला आणि त्या चार्जरला ॲडॉप्टर लावला. तोवर व्याह्यांनी या सगळ्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता. पुरुषांना ग्रुपपासून दूर ठेवलं पाहिजे.

लगेच तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, तुम्ही ढाब्यावर काय करताय? अडकलात ना?"

मी खोटं बोलत नाही. उत्तर शोधत होते, तोच विहीणबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "अडकल्यात कुठं? मीच थांबवलंय त्यांना. वाण द्यायचं राहिलं व्हतं माझं. तुमच्या आईला मी वाण देऊ नये का?"

"तसं नाही, मावशी…"

"मग झालं तर. तुमी आपली फिकर करा, तिकडं बरफ पडून राहिलाय म्हणं."

आणि हे खरंच होतं. वाण दिलं होतं, मी ते घेतलं होतं, व्हिडिओत सगळ्यांनी पाहिलं होतं. तुमच्या बाबांपुढे काही मुद्दाच उरला नाही. आजोबांनी ॲडॉप्टर गनला लावला, गन गाडीला लावली. मशीन आणि गाडी काही वेळ आपसात बोलली, आणि मग हिरवा दिवा लागला. व्याह्यांनी टाळी वाजवली. गाडी भरेपर्यंत आम्ही पाचही जणांनी तुरीच्या शेंगा सोलून खाल्ल्या. संध्याकाळी लातूरला पोचून मी बहिणीला राहिलेलं पुस्तक वाचून दाखवलं. त्यातल्या गोष्टीपेक्षा तिला आमची गोष्टच जास्त आवडली.

आता भोकरच्या गृहस्थांकडे येते. त्यांनी सगळी गाडी नीट तपासली आणि शेवटी म्हणाले, "हिच्यासंगं तो ॲडॉप्टर लागंल. त्याच्याबिगर ही चालणार कशी?" त्यांचं बरोबर होतं. मी म्हणाले, ॲडॉप्टर देता येणार नाही. त्यांनी किंमत वाढवली. मी म्हणाले, किमतीचा प्रश्न नाही, ते मला आलेलं संक्रांतीचं वाण आहे, आणि वाण कुणी विकत नाही. आजोबा माझ्याकडे बघत राहिले. ते गृहस्थ मात्र लगेच समजले. "हाव, मग राहू द्या," ते म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या घरीही बायका वाण देत असणार.

तुमचे बाबा म्हणतात ही पळवाट आहे. असेल. नव्या गाडीला ॲडॉप्टर लागत नाही, ती वाटेल तिथे भरता येते, हेही मला मान्य आहे. पुढे गुडघे माझेही बोलू लागतील, तेव्हा बघू.

सध्या गाडी अंगणात आहे. ॲडॉप्टर निळ्या काठाच्या पिशवीत, खुंटीवर आहे. तो चालतो, आणि त्याच्या एका खाचेत थोडी हळद अजून आहे.